अडीच बोटांचा सौदा

मांडवघाटची वेस लांबून बघणाऱ्याला किल्ल्याचा दरवाजा वाटे, आणि जवळ येऊन बघणाऱ्याला आपण फसलो असं वाटे. दगड मात्र खरे होते, काळेभोर, एकावर एक नीट बसवलेले. दाराच्या फळ्या कधीच गेल्या होत्या. त्या कुणाच्या चुलीत गेल्या हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, पण सगळ्यांच्याच आज्यांचा त्यात थोडाथोडा हात असल्यामुळं कुणी बोलत नसे. या वेशीच्या डोक्यावर, दोन बुरजांच्या मध्ये, एक खोली होती. एक खण, एक दार, एक खिडकी. गाव तिला नगारखाना म्हणे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत.

पण खिडकीला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. खाली प्रवरेचा घाट, घाटावर धुणी बडवणाऱ्या बाया, काठावर महादेवाचं देऊळ, त्याच्या अंगावर रेललेली जुनी चिंच आणि नदीपलीकडं उसाचे मळे. हे सगळं त्या एवढ्याशा खिडकीतून एका नजरेत दिसे. ज्या गवंड्यानं ती खिडकी नेमकी तिथं काढली त्याला जन्नत मिळाली असणार, असं खोलीची मालकीण म्हणायची. मालकीण म्हणजे बद्रुन्निसा मण्यारीण. गावाची भाबी.

भाबीच्या नवऱ्याचे वाडवडील या वेशीवर नगारा वाजवत. दिवस मावळला की नगारा व्हायचा आणि वेस बंद व्हायची. पुढं वेशीला दारं उरली नाहीत, तेव्हा नगारा वाजवून बंद काय करायचं, हा प्रश्नच होता. नगारा देवळात गेला, तिथं त्याचं कातडं उंदरांनी खाल्लं, आणि नगारची बांगड्या विकायला लागले. खोली तेवढी त्यांच्या नावावर राहिली. भाबीचा नवरा कादर आणि भाबी, दोघांनी त्या खोलीत संसार केला, आठवड्याचे बाजार केले, गौहर नावाची एक मुलगी वाढवली आणि नगरला देऊन टाकली. मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू असतानाच कादर वारला, आणि भाबी वेशीवर एकटी राहिली.

एकटी राहिली म्हणजे रात्रीपुरती. दिवसभर ती गावाच्या हातात हात घालून असे, आणि हे मी उगाच म्हणत नाही. भाबीला बाया तोंडावरून नव्हे, मनगटावरून आठवत. सुगीचे दिवस असोत की लगीनसराई, ओसरीवर घोंगडं टाकून ती बसली की समोर हात यायचा. भाबी तो मांडीवर घ्यायची, अंगठा आत मुडपायची आणि बोटांच्या मुळाशी असलेली ती हट्टी हाडं हलक्या हातानं मळायला लागायची. तोंडानं दुसरंच काही चालू असे. सासू कशी आहे, म्हैस व्याली का, माहेरचं कोणी येऊन गेलं का. बाई बोलण्यात गुंतली, हात सैल पडला की बांगडी कधी सरकली ते बाईलाही कळत नसे. माप विचारायची भाबीला कधी गरज पडली नाही. हात दाबला की माप कळायचं, आणि मापाबरोबर बाकीचंही बरंच कळायचं. कोणाला दिवस गेलेत हे घरच्यांच्या आधी भाबीला समजे, आणि ती कधी बोलत नसे, म्हणूनच तर सगळ्या बाया तिच्यापुढं हात करत.

बांगड्या भरून झाल्या की बाई उठून मण्यारणीच्या पाया पडते, ही आपल्याकडची रीत. पाटलीण असली तरी पडते. भाबीला ह्या रीतीचा आतून मोठा अभिमान होता. कष्टाचं खाते, मानाचं खाते, आणि आपल्या छपराखाली निजते, असं ती म्हणायची. आणखी एक रीत होती आणि तीही ती कसोशीनं पाळायची. भरताना बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर नुकसान मण्यारणीचं. बाईनं हात हिसडला म्हणून वाढली की आपलं बोट घसरलं म्हणून वाढली, याचा वाद नाही. हात आपल्या हातात होता, नुकसान आपलं.

तर अशी ही भाबी एका थंडीत जिन्यावरून घसरली.

वेशीच्या आतून वर जाणारा तो दगडी जिना, आणि पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. पडली, गुडघा सुजला, आणि कोणी बघेपर्यंत तिथंच बसून राहिली. बातमी नगरला पोचली आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारनं गौहर हजर झाली. आल्या आल्या तिनं आधी आईचा गुडघा शेकला आणि मग आईला शेकलं.

"अम्मा, आता पुरे. पडलीस तर पाणी द्यायला कोण हाय इथं? खोली विकून टाक आन् आमच्याकडं चल. ह्येंचं काय म्हननं न्हाई."

"मी कुठं म्हनते ह्येंचं काय म्हननं हाय?" भाबी म्हणाली.

जावई खरंच भला माणूस होता. अडचण तीच होती. वाईट जावयाच्या घरी जात नाही म्हणून सांगता येतं. भल्या जावयाच्या घरी का जात नाही हे कसं सांगायचं? जिच्या पाया पाटलीण पडते तिनं उरलेलं आयुष्य जावयाच्या सैपाकघरात, कोणाच्या पायात येणार नाही अशा बेतानं अंग चोरून काढायचं, या विचारानंच भाबीला घास उतरत नव्हता. पण लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गुडघ्यात कळ होती. पावसाळ्याच्या आत खोली विकते, म्हणून भाबीनं शब्द दिला. मनाशी मात्र तिनं एक पोटशब्द ठेवला. खोलीची किंमत अशी आली पाहिजे की नगरात, गौहरच्या गल्लीत का होईना, आपल्याला आपला एक खण घेता येईल. स्वतःचं दार, स्वतःची कडी. तेवढं जमलं तर सगळं जमलं, नाहीतर जन्म जावयाच्या दारात.

शब्द दिल्यावर पहिला माणूस आला तो खाजाभाई गवंडी. खाजाभाई कादरचा दोस्त. तो जिन्यावरून वर आला, त्यानं धाब्याच्या मातीच्या छताकडं बघितलं, भिंतीवर थाप मारली, पोपडा पडला.

"भाबी, ही अशी विकनार?"

"मंग कशी विकू? जशी हाय तशीच विकनार की."

"फुटकी काकनं कदी विकली का तुमी?" खाजाभाई म्हणाला. "गिऱ्हाइकाला आधी नीटनेटकं दाखवावं लागतं. चैत्रात मला काम न्हाई. मी येतो."

आणि खाजाभाई आला. घर पाहावं बांधून म्हणतात. भाबीनं पाहिलं दुरुस्त करून, आणि तिला त्याचीच चटक लागली. आधी धाबं उकरलं. वरची जुनी माती काढली, किडलेल्या दोन लाकडी कड्या बदलल्या, त्यांच्यावर लाकडी चिपांचं नवीन किलच घातलं आणि गढीच्या टेकाडावरची पांढरी माती आणून, भिजवून, तुडवून, वर थापली. तुडवायला गल्लीतल्या बाया आपणहून आल्या. ज्या हातांत भाबीनं बांगड्या भरल्या ते हात, लुगडी खोचून, माती वर देत होते, आणि मध्येच कोणीतरी "भाबी, माजी बांगडी वाढली वं!" म्हणून ओरडलं की भाबी खालूनच म्हणायची, "ही माझ्या हातात न्हवती, हिचं नुकसान तुजं!"

मग भिंती. देवळाच्या ओट्यासाठी मळलेला चुना थोडा उरला होता. खाजाभाईनं त्यात गुळाचं न् बेलफळाचं पाणी घालून तो पुन्हा मळला आणि खोलीला आतून असा गिलावा केला की हात फिरवला तर रेशमासारखा लागावा. जिन्याच्या झिजल्या पायऱ्या उलट्या करून बसवल्या. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं कोणाला सुचली नव्हती, खुद्द खाजाभाईलाही नाही. बाजूला धरायला दोर आणि लोखंडी कड्या आल्या. कोपऱ्यात नवी चूल, धूर जायला धाब्यात नवं सवणं, बांगड्यांच्या तोड्यांसाठी भिंतीत तीन कोनाडे. हे कोनाडे कशासाठी, असं खाजाभाईनं विचारलं. खोली घेणारा काय बांगड्या विकणार होता? भाबीनं एका कोनाड्यात हात घालून बघितला. तिनं ते स्वतःसाठी सांगितले होते, आणि ते तिच्याही आत्ताच ध्यानात आलं.

वैशाख आला तेव्हा खोली नवरीसारखी झाली होती. गुडघा बरा झाला होता, जिना सोपा झाला होता, धाबं गळणार नव्हतं. जी जी कारणं सांगून गौहरनं खोली विकायला लावली होती त्यातलं एक सोडून सगळी खाजाभाईनं बुजवून टाकली. ते एक म्हणजे एकटेपण. त्याला चुना लागत नाही.

आता गिऱ्हाईक. गावचा आसाराम बेलापूरच्या बैलबाजारात दलाली करायचा. बैल विकणाऱ्याला घर विकायला काय जड, म्हणून त्यानं हे काम अंगावर घेतलं. पहिलं गिऱ्हाईक आणलं ते सोनईचा एक व्यापारी. तो जिन्यावर धापा टाकत आला, खिडकीकडं पाठ करून उभा राहिला आणि पेंडीची पोती इथं किती मावतील याचा हिशोब करायला लागला. खिडकी बुजवून टाकली तर उंदीर येणार नाहीत, असंही म्हणाला. भाबीनं त्याला खोली विकायची नाही म्हणून सांगितलं.

"विकायची न्हाई तर मंग मला कशाला आनलं?" व्यापारी चिडला.

"तुमाला न्हाई विकायची," भाबीनं खुलासा केला.

दुसरा आला तो नगरचा पेन्शनीत निघालेला एक साहेब. त्याला खिडकी आवडली. फार आवडली. तो खिडकीशी उभा राहून वा वा करत राहिला, आणि मग अशी शांत जागा आपल्याला मिळाली तर आपण खालच्या घाटावर धुणी बडवायला बंदी करवू, असं म्हणाला. भाबीनं त्याचा हात बघितला. मऊ, गुलाबी, वापरात नसलेला. या हाताला मी माझी खिडकी देणार नाही, असं तिनं आसारामला जिन्यातच सांगितलं.

"भाबी, तुमी खोली इकताय का पोरगी देताय?" आसाराम कपाळाला हात लावून म्हणाला.

तिसरी आली साळूबाई.

साळूबाई देवळाली प्रवराची. नवरा गेल्यावर म्हशींचा व्यापार तिनं स्वतः धरला आणि बापयांच्या बाजारात उभं राहून असा केला की भले भले दलाल तिला बघून पागोटं सावरत. उंच, हाडापेरानं दणकट, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. महादेवाच्या दर्शनाला ती वरचेवर मांडवघाटला यायची, म्हणून भाबी तिला तोंडओळखीनं ओळखत होती. फक्त तोंडओळखीनं, हाताच्या ओळखीनं नाही. विधवेचा हात मण्यारणीपुढं कशाला येईल?

साळूबाई वर आली, आणि कशालाही हात न लावता सरळ खिडकीशी जाऊन बसली. बराच वेळ बसली. खाली कोणीतरी धुणं बडवत होतं त्याचा ताल वर येत होता. आसाराम बाहेर जिन्यावर बिडी ओढत होता. भाबी चुलीशी उभी होती.

"घरी काय कमी न्हाई," साळूबाई एकदम म्हणाली, जणू कोणी तिला विचारलं होतं. "पोरं चांगली हायती. सुना सात्विक हायती. पन समदी मला भितात. मी आले की बोलनं बंद. म्हशीसुदिक उठून हुभ्या ऱ्हात्यात." ती भाबीकडं वळली. "तुमी राती घोरता का?"

भाबीला हा प्रश्न जरा विचित्र वाटला. "न्हाई बा. कादर घोरायचे."

"आन् दिवा? किती येळ ठिवता?"

"राकेल कुठं मिळतंय आता? जेवन झालं की इझवते."

साळूबाईनं मान हलवली. खोली विकत घेणाऱ्या बाईनं भिंत बघावी, धाबं बघावं. ही बाई मालकिणीचं घोरणं विचारते. पण म्हशी घेणारी आहे, असेल काही रीत, असं भाबीनं समजून घेतलं.

मग सौद्याची वेळ आली. किंमत आसारामनं आधीच सांगून ठेवली होती: पंजा. म्हणजे पाची बोटं, बोटाला एक शेकडा. बैलबाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. रुमालाखाली हात घालायचा, घेणाऱ्यानं देणाऱ्याची जेवढी बोटं धरली तेवढी किंमत. मधल्या पेराशी बोट धरलं तर अर्धं. पटलं नाही तर हात सोडायचा. पटलं तर मूठ दाबायची, आणि एकदा मूठ दाबली की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. हे सगळं आसारामनं भाबीला खालीच समजावून दिलं होतं. भाबी म्हणाली होती, मला काय येत नाही होय? हात धरण्यात माझा जन्म गेला.

तिथंच घात झाला.

साळूबाईनं आपला पदर पसरला आणि म्हणाली, "हात द्या." भाबी समोर बसली आणि तिनं हात पदराखाली घातला. तिला दोन बोटं धरलेली कळली, आणि तिसरं मधल्या पेरापाशी. अडीच. पंजाचं बरोब्बर निम्मं. हात सोडायचा, असं तिनं मनात म्हटलंही. पण तेवढ्यात साळूबाईचा हात तिला कळला. मोठा, खरबरीत, उन्हानं आणि कासऱ्यानं राठ झालेला, आणि मनगट उघडं. इतकं ताठ मनगट भाबीच्या हातात आजवर आलं नव्हतं. आणि काय झालं म्हणून सांगू, तिच्या हातानं तिला विचारलंच नाही. त्यानं तो हात ओढून मांडीवर घेतला, अंगठा आत मुडपला, आणि बोटांच्या मुळाशी ती हाडं हळूहळू मळायला सुरुवात केली. तोंडानंही सवयीनं सुरू झालं, "हाताला त्येल लावत न्हाई का वं कदी? किती सुकलाय. कोन हाय का न्हाई बघनारं?"

पदराखाली तो हात आधी दगडासारखा होता, मग थोडा कमी, मग बराच सैल झाला. आसारामची बिडी संपली. तो दारात आला आणि बघत राहिला. इतका लांबलेला सौदा त्यानं खिल्लारी जोडीचाही बघितला नव्हता.

शेवटी साळूबाईनं हात काढून घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "झाला सौदा. बाईनं मूठ दाबली."

"मी?" भाबी म्हणाली. "अवो, मी कुठं..."

"किती बोटं?" आसारामनं विचारलं.

"अडीच."

आसारामनं भाबीकडं बघितलं. भाबीनं आपल्या हाताकडं बघितलं. हाताच्या काकणाला आरसा कशाला? हातानं केलेलं समोर होतं. पदराखालच्या गोष्टीला साक्षीदार नसतो. तिथं दोन हात जे बोलले तेच खरं, हा बाजाराचा कायदा. आणि भाबीचा स्वतःचा कायदाही तिला आठवला. हात माझ्या हातात होता. भरताना वाढली, तर नुकसान माझं.

"झाला," ती म्हणाली.

"मी सोमवारी सामान घिऊन येते," साळूबाई उठत म्हणाली. विसाराची रक्कम तिनं कोनाड्यात ठेवली. "चूल मोडू नका."

माझी नवी चूल मी कशाला मोडू, हे भाबीच्या ओठावर आलं होतं. पण चूल आता तिची नव्हती. मालकीणपणा कसा लगेच येतो बघा माणसाला, असं तिनं मनात म्हटलं आणि साळूबाईला जिन्यापर्यंत पोचवलं.

ते चार दिवस भाबीचे वाईट गेले. खोटं कशाला सांगू, ती रडली. अडीच बोटांत नगरात खण नाही, खणाचा कोपराही नाही. म्हणजे जावयाचं सैपाकघर. म्हणजे पाय आखडून निजणं, आणि भल्या माणसानं "अम्मा, आनखी भाकर घ्या" म्हटलं की घास घशात अडकणं. खाजाभाई आला आणि आसारामला शिव्या देऊन गेला. आसाराम आला आणि खाजाभाईला शिव्या देऊन गेला. खाजाभाईनं चैत्रात काम काढलं नसतं तर हे झालंच नसतं, असं त्याचं म्हणणं. गल्लीतल्या बायांनी सौदा मोडा म्हणून सांगितलं. भाबी म्हणाली, "आन् उद्या भरताना बांगडी वाढली तर तिचे पैसे तुमच्याकडून घिऊ का मंग?"

रविवारी तिनं बांगड्यांचे तोडे कोनाड्यांतून काढून फडक्यात बांधले. भांडी पोत्यात घातली. कादरची टोपी आणि काठी वेगळी ठेवली. सोमवारी सकाळी सगळं एकेक करून खाली नेऊन वेशीच्या ओट्यावर मांडलं, आणि मग शेवटचं म्हणून वर गेली, खिडकीशी उभी राहिली, पण घाटाकडं नीट बघवेना म्हणून खाली आली. नगरची मोटार दुपारी होती.

साळूबाईची बैलगाडी आली तेव्हा भाबी ओट्यावर गाठोड्याशेजारी बसली होती. गाडीत एक लोखंडी पेटी होती, एक वळकटी, एक माठ, आणि चूल मांडायला तीन नवीन दगड. साळूबाई उतरली आणि गाठोड्याकडं बघून थबकली.

"ह्ये काय? कुटं निघाला?"

"नगरला. लेकीकडं. खोली झाडून ठिवलीय तुमची. चूल हाय तशी हाय."

"माजी चूल मी आनलीय की," साळूबाई म्हणाली. "दोन चुली लागत्याल. तुमचं खानं येगळं, माजं येगळं. म्हून तर तुमाला म्हनले, तुमची चूल मोडू नका."

भाबीनं गाडीतल्या त्या तीन दगडांकडं बघितलं.

"किती बोटांची हुती खोली?" साळूबाईनं म्हशीवाल्या आवाजात विचारलं.

"पाच."

"मी किती दिली?"

"अडीच."

"मंग ऱ्हायलेली अडीच कुनाची? मी काय चोर हाय का? निम्मी किंमत दिली, निम्मी खोली घेतली." आणि मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "रिकामी खोली घिऊन मला काय करायचं हाय, बाई? रिकाम्या खोल्या माझ्या घरी हायत्या की."

भाबीनं गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. पण ती सरळ बाई होती. तिला ही गोष्ट मनात ठेवून पुढं जाववेना. ती म्हणाली, "साळूबाई, खरं सांगू का. मी त्या दिशी मूठ दाबलीच न्हवती. माजा हात फसला. मला सवय हाय, हात आला की मळायचा. तुमी बांगड्या भरायला बसलाय असंच माज्या हाताला वाटलं. तवा ह्यो सौदा झालाच न्हाई म्हना."

साळूबाईनं पेटी उतरवणाऱ्या गाडीवानाला हातानं थांबवलं आणि तो लांब जाईपर्यंत थांबली.

"मला काय कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "मी पन कदी सवाशीन हुते. मन्यारीन हात कसा धरती ते ठावं हाय मला. मालक गेले आन् त्या दिशी हाताची काकनं गेली. तवापास्नं ह्यो हात म्हशीच्या कासऱ्याला लागला, दलालांच्या बोटाला लागला. पन असा कुनी मांडीवर घिऊन धरला न्हवता. मी सौदा तवाच केला. मूठ तुमी न्हाई, मी दाबली."

गाडीवानानं पेटी उतरवली. भाबीनं उठून पदरानं डोळे पुसले, ओट्यावरची कादरची काठी हातात घेतली आणि म्हणाली, "चला वर. जिना नवा हाय, दोराला धरा."

पुढचं सांगायला फार नाही. खाजाभाईनं मधे कमरेएवढी भिंत घालायला माप काढलं, तर खिडकी कोणाच्या अंगाला जाणार हा प्रश्न आला, आणि साळूबाईनं त्याला पाटी-थापीसकट जिन्याखाली घालवलं. दोन चुली झाल्या, दोन माठ झाले, एका कोनाड्यात महादेवाची पिंड बसली आणि उरलेल्या दोन कोनाड्यांत बांगड्यांचे तोडे परत गेले. गावानं तोंडात बोटं घातली, आठ दिवस ठेवली आणि मग काढून कामाला लागलं. गौहर तणतणत आली. वर तिला आईच्या जोडीला ही अशी बाई दिसली, जिला बघून म्हशी उठून उभ्या राहतात. पाणी द्यायला कोण आहे, हे तिनं परत विचारलं नाही. जावई मात्र खट्टू झाला. भला माणूस होता तो.

पण अजून एक सांगायचं राहिलं. देऊळ, घाट आणि उसाचे मळे दिसेनासे व्हायच्या आधी, दिवे लागायच्या वेळेला, साळूबाई खिडकीशी येऊन बसायची आणि आपला उघडा हात भाबीच्या मांडीवर ठेवायची. भाबी वाटीतलं तेल बोटाला घ्यायची, अंगठा आत मुडपायची आणि ती हट्टी हाडं मळायला लागायची. "म्हैस व्याली का वं?" ती विचारायची. साळूबाई सांगायची. बांगडी कुठलीच भरायची नव्हती, त्यामुळं घाई नव्हती.